साइट परत ‘हलूक लागली’ : आडवं सरकणारं पान, छाटलेल्या वेलांट्या आणि उडी मारणारं बटण

देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांची साइट मी सांभाळतो. नाव नको, तात्या म्हणू. दर मार्चमध्ये, पहिल्या पेट्या भरायच्या सुमारास, त्यांचा फोन ठरलेला: “अरे, ती साइट परत हलूक लागली रे.” मी माझ्या फोनवर उघडून बघतो तर सगळं जागच्या जागी. मग ते दुसऱ्या फोनने आपल्या फोनचा व्हिडिओ काढून पाठवतात. त्यात दिसतं की पान बोटाबरोबर डावीकडे सरकतंय आणि उजवीकडे पांढरी पट्टी उघडी पडतेय. ‘हापूस पेटीचे दर’ या मथळ्यातल्या वेलांटीचं डोकं छाटलेलं आहे. ‘मागणी नोंदवा’वर बोट टेकवायला जावं तर नेमकं त्याच क्षणी पान खाली घसरतं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

तीन हंगाम मी यावर मलमपट्टी केली. चौथ्या वर्षी एक अख्खा रविवार घालवला, तेव्हा कळलं की ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, पण आलेली एकाच घरातून आहेत. आम्ही जे तयार टेम्प्लेट घेतलं होतं, त्याची मापं इंग्रजी मजकुरावर काढलेली होती. नमुन्यात मेनू ‘होम, शॉप, काँटॅक्ट’ एवढाच, मथळे दोन-तीन शब्दांचे आणि कोष्टक एकही नाही. आमच्याकडे ‘आमच्या बागेविषयी’, ‘घरपोच मागणीची माहिती’ आणि पाच रकान्यांचं दरपत्रक. कपडा एकाच्या मापाने शिवलेला आणि घालायला दुसरा उभा, असा प्रकार. मराठी मजकुराची साइट चालवणाऱ्या बऱ्याच जणांना यातलं काही ना काही भोवत असणार, म्हणून शोधायची पद्धत सविस्तर लिहितोय. (कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

आधी माझी चूक

पहिल्या वर्षी मी तेच केलं जे सगळे करतात: पानावर ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’, म्हणजे आडवं बाहेर जाणारं सगळं लपवणारी ओळ, लावून मोकळा झालो. पान हलायचं थांबलं. आठवड्याभराने तात्यांनी सांगितलं की लोक फोन करून भाव विचारतायत. विचारणारच. दरपत्रकाचे शेवटचे, म्हणजे पेटीच्या दराचा आणि घरपोच खर्चाचा असे दोन्ही रकाने स्क्रीनच्या बाहेर गेले होते आणि मी तिकडे जायची वाटच बंद केली होती. शिवाय मी ती ओळ सगळ्या पानाला गुंडाळणाऱ्या डब्यावर टाकली होती, त्यामुळे वर चिकटून राहणारी फोन नंबरची पट्टीही सुटली. ‘पोझिशन: स्टिकी’ असलेली गोष्ट तिच्या सर्वांत जवळच्या स्क्रोल होऊ शकणाऱ्या डब्याला धरून चिकटते, आणि ‘हिडन’ लावलं की तो डबा त्या यादीत जातो. दोन दिवस मी स्टिकीच्या मागे लागलो होतो, चोर मीच.

तेव्हा तुमच्या साइटवर आधीच कुणीतरी हे लावून ठेवलं असेल तर पहिलं काम म्हणजे ते काढा. दुखणं दिसू द्या.

गुन्हेगार शोधायचा कसा

पान उघडल्यावर सगळंच मुंगीएवढं दिसत असेल, तर पुढचं वाचण्याआधी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंदीत मांडायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ) आहे का बघा. तो नसला की फोनचा ब्राउझर साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं पान गृहीत धरतो आणि ते आकसून दाखवतो. ‘विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१’ एवढं पुरे. त्यात कुणी ‘युजर-स्केलेबल=नो’ घातलं असेल तर ते काढून टाका. चाळिशीपुढच्या गिऱ्हाइकाला दोन बोटांनी पान मोठं करू न देणं हा शुद्ध उद्धटपणा आहे.

आता कॉम्प्युटरवर क्रोममध्ये पान उघडा, एफ-१२ दाबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एम. फोनसारखी चौकट येईल. रुंदी ३२० ठेवा. आजकाल एवढा अरुंद फोन कुणाकडे असतो, असं मीही म्हणायचो. पण २०१८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या निकषांत ३२० हाच आकडा आहे: एवढ्या रुंदीत साधा मजकूर आडवं न सरकवता वाचता आला पाहिजे. कारण डेस्कटॉपवर १२८० रुंदीचं पान ४०० टक्के मोठं केलं की उरते तीही रुंदी ३२०च. कोष्टकं आणि नकाशे यांना त्यात सूट आहे, ती पुढे उपयोगी पडते.

मग सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये, प्रत्येक घटकाला लाल रेघ द्या: तारांकन, महिरपी कंस, ‘आउटलाइन: १ पिक्सेल सॉलिड रेड’. बॉर्डर देऊ नका. बॉर्डर स्वतःची जागा खाते आणि मापं बदलते, आउटलाइन खात नाही. सगळं पान लाल चौकटींनी भरेल, आणि एखादी चौकट उजवीकडे कुंपण ओलांडून गेलेली दिसेल.

नाही दिसली तर माझा आवडता गावठी उपाय. एफ-१२ने उघडलेल्या एलिमेंट्सच्या खिडकीत पानाचा अर्धा भाग निवडायचा आणि डिलीट करायचा. हलणं थांबलं, तर दोष त्या अर्ध्यात. कंट्रोल-झेडने परत आणायचा, त्याचे पुन्हा दोन भाग करायचे. सहा-सात वेळा केलं की नेमक्या घटकावर येता. खऱ्या साइटला काही होत नाही, पान रिफ्रेश केलं की सगळं जिथल्या तिथे.

बहुतेक वेळा सापडतं ते हे

तात्यांच्याकडे मुख्य आरोपी दरपत्रक. कोष्टक आपल्या मजकुरापेक्षा अरुंद होत नाही. पाच रकाने ३२० मध्ये मावत नसतील तर ते सरळ बाहेर जातं. झटपट उपाय म्हणजे कोष्टकाभोवती एक डबा घालून त्याला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्यायचं. मग पान स्थिर राहतं आणि फक्त कोष्टक सरकतं. मी आधी तेच केलं. पण गिऱ्हाइकाला कोष्टक सरकतं हे कळलंच नाही आणि फोन चालूच राहिले.

म्हणून कोष्टकच पुन्हा मांडलं, आणि साइटच्या मांडणीबद्दल जे काही मला समजलं ते बहुतेक इथे समजलं. रकाने होते: प्रतवारी, फळाचं वजन, पेटीतले डझन, पेटीचा दर, घरपोच खर्च. बागायतदाराच्या डोक्यात हाच क्रम असतो, कारण माल त्याच क्रमाने हाताखालून जातो: निवड, वजन, भरणं, दर, गाडी. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं की किती आंबे येतील आणि घरापर्यंत किती पैसे पडतील. तेव्हा फोनवर प्रत्येक पेटीची एक चौकट केली. वर ठळक अक्षरांत ‘५ डझनाची पेटी’, त्याच्या समोर दर, खाली बारीक अक्षरांत फळाचं वजन आणि घरपोच खर्च. रकाने गेले, आडवं सरकणं गेलं आणि दर विचारणारे फोनही थांबले. तात्यांना सुरुवातीला रुचलं नाही. “कोष्टक कसं भारदस्त दिसतं,” म्हणाले. डेस्कटॉपवर ते ठेवलंय, त्यांच्या समाधानासाठी.

दुसरा आरोपी नकाशा. गूगल मॅप्सचा एम्बेड कोड ६०० बाय ४५० मापाचा मिळतो. ३६० च्या फोनवर ६०० चा नकाशा, दुसरं काय होणार. त्याला आणि सगळ्या फोटोंना ‘मॅक्स-विड्थ: १०० टक्के’ द्या.

तिसरा जरा लपून बसणारा आहे. फ्लेक्स आणि ग्रिड या घटक शेजारी शेजारी मांडायच्या सीएसएसच्या पद्धतींत बसवलेला घटक मुळात आपल्या आतल्या सर्वांत लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. ‘१एफआर’ (एक वाटा) लिहिलं म्हणजे समान वाटणी झाली असं आपण समजतो, पण एका रकान्यात ईमेलचा पत्ता आला की तो फुगतो आणि शेजाऱ्याला ढकलतो. फ्लेक्सच्या आतल्या घटकाला ‘मिन-विड्थ: ०’ द्या, ग्रिडमध्ये ‘१एफआर’च्या जागी ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहा. लांब शब्द तुटावा म्हणून ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’. नेटवर याच्यासाठी ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ सुचवलेलं सर्रास सापडतं, देवनागरीत ते चुकूनही लावू नका. गरज नसतानाही शब्द मधोमध तुटतात. ‘देवग’ वरच्या ओळीत आणि ‘ड’ खाली, असं वाचायला मिळतं.

पान फोनवर ठीक आणि फक्त विंडोजवर जरासं हलत असेल, तर कुठेतरी ‘१००व्हीडब्ल्यू’ (खिडकीची अख्खी रुंदी) लिहिलेलं शोधा. त्या मापात उजव्या कडेची स्क्रोलपट्टीही मोजली जाते, म्हणून घटक पट्टीच्या रुंदीएवढा जास्त होतो. ‘१०० टक्के’ लिहा, संपलं.

आणि फक्त आयफोनवाल्यांची तक्रार असेल की मागणीचा अर्ज भरताना पान डुलतं, तर रकान्यातल्या अक्षरांचा आकार तपासा. तो १६ पिक्सेलपेक्षा कमी असला की सफारी त्या रकान्यावर बोट टेकवताच पान मोठं करते, आणि मोठं झालेलं पान साहजिकच आडवं सरकतं. दोष मांडणीत शोधत बसाल, असतो अक्षराच्या आकारात.

छाटलेल्या वेलांट्या

रोमन अक्षरांना वर-खाली जेवढी जागा लागते त्याहून देवनागरीला जास्त लागते. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला, त्याच्याही खाली कधी पुन्हा उकार. टेम्प्लेटमध्ये मथळ्यांची ‘लाइन-हाइट’ (अक्षराच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची) १ किंवा १.१ ठेवलेली असते, कारण मोठी इंग्रजी अक्षरं तशी घट्ट छान दिसतात. त्यात मराठी मथळा दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. आणि त्याच डब्याला ठरावीक उंची व ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असेल तर मग छाटणीच.

माझी मापं अशी: मजकुराला १.६ ते १.७, मथळ्यांना १.३५ ते १.४. आकडा एककाविना लिहायचा, म्हणजे अक्षर मोठं झालं की ओळीची जागाही त्याच प्रमाणात वाढते. बटणं आणि पट्ट्यांची ‘हाइट’ काढून ‘मिन-हाइट’ आणि थोडं पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्यायचं. फोटोखालचा मजकूर दोन ओळींवर तोडून टिंबं दाखवणारी सोय असेल, तर तिथे शेवटच्या ओळीचा ऊकार हमखास जातो. खाली दोन-चार पिक्सेल पॅडिंग दिलं की वाचतो.

तपासायला नमुन्याचा लॅटिन मजकूर बिनकामाचा. मी एक वाक्य करून ठेवलंय: ‘पौर्णिमेला कुर्ल्यातून ट्रॅक्टरभर शुद्ध, सर्वोत्कृष्ट हापूस.’ अर्थ विचारू नका. प्रत्येक मथळ्यात, बटणावर, मेनूत हे घालून बघतो. हे जिथे सुखरूप उभं राहतं तिथे मराठीतलं बहुतेक सगळं राहतं.

पण मग माझ्या फोनवर ठीक आणि तात्यांच्या फोनवर छाटलेलं, हे कसं? टेम्प्लेटने जो फाँट नेमला होता त्यात देवनागरी अक्षरंच नव्हती. अशा वेळी प्रत्येक यंत्र आपल्या पदरचा फाँट वापरतं: विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो किंवा कंपनीने भरलेला दुसरा एखादा, ॲपलवर आणखी वेगळा. प्रत्येकाची उंची निराळी. तेव्हा फाँटच्या यादीत देवनागरी फाँट नाव घेऊन नेमा. ‘मुक्त’, ‘नोटो सान्स देवनागरी’, ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फाँट फुकट आणि मुक्त परवान्याचे आहेत. मी ‘मुक्त’ वापरतो. बारीक आकारातही अक्षरांची पोटं भरत नाहीत.

फाँट नेमतानाच पानाची भाषा बघून घ्या. टेम्प्लेटमध्ये ‘लँग’ इंग्रजी असते, ती ‘एमआर’ करा. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श ही ती वळणं. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात याच रूपांचा आग्रह आहे. बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही, पण एकदा दिसायला लागलं की हिंदी वळणाचा ल मराठी पानावर खटकतोच.

दोन गोष्टी टेम्प्लेटमधून निपटून काढा. एक ‘लेटर-स्पेसिंग’. इंग्रजी कॅपिटल अक्षरं सुटी सुटी मांडली की देखणी दिसतात. मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्द तुटलेल्या तोरणासारखा दिसतो. सरळ ‘नॉर्मल’ करा. दुसरं तिरपं अक्षर: देवनागरी फाँटमध्ये तिरपा अवतार सहसा नसतो, ब्राउझर उभ्या अक्षराला ढकलून तिरकं करतो. जोर द्यायचा तर जाड अक्षर किंवा रंग वापरा. रंगाचंही एक मोजमाप आहे: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी ४.५:१ एवढा तरी विरोध हवा. पिवळ्यावर पांढरं लिहून आंब्याचा ‘फील’ आणायचा मोह सगळ्यांना होतो. कोकणातल्या उन्हात फोन धरून एकदा वाचून बघा.

उडी मारणारं बटण

यात गूढ काहीच नाही. फोटो उतरायच्या आधी ब्राउझरला त्याची उंची ठाऊक नसते, म्हणून तो जागाच ठेवत नाही. फोटो आला की खालचं सगळं खाली ढकलतो. फोटोच्या टॅगमध्ये ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ दोन्ही लिहा. २०१९ च्या अखेरीपासून क्रोम आणि फायरफॉक्स या दोन आकड्यांवरून प्रमाण काढून आधीच जागा राखतात. सोबत सीएसएसमध्ये ‘हाइट: ऑटो’ असू द्या, नाहीतर फोटो ताणला जाईल.

दुसरं कारण, नंतर उगवणाऱ्या पट्ट्या. ‘आगाऊ नोंदणी सुरू!’ अशी सूचना एक-दोन सेकंदांनी वर टपकते आणि पान ढकलते. तिची जागा आधीपासून राखा किंवा ती तळाशी तरंगती ठेवा. तिसरं, फाँट उशिरा आला की ओळींची उंची बदलते; त्यासाठी पर्यायी फाँटचं माप ‘साइझ-अ‍ॅडजस्ट’ने जुळवता येतं, पण फोटो आणि पट्टी यांचा बंदोबस्त केल्यावर आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या तपासणीच्या साइटवर पत्ता घालून ‘सीएलएस’चा, म्हणजे पान किती उड्या मारतं याचा, आकडा बघा. ०.१ किंवा त्याहून कमी म्हणजे ठीक, ०.२५ च्या वर म्हणजे वाईट.

मग दर मार्चमध्येच का?

कारण मार्चमध्ये तात्यांचा पुतण्या साइटवर नवा मजकूर चढवतो. मुलगा हुशार आहे, पण वर्डमधून मजकूर उचलून जसाच्या तसा चिकटवतो, आणि वर्ड मजकुराबरोबर आपली मापं, फाँट, रंग सगळं बिऱ्हाड घेऊन येतं. मी नीट केलेलं कोष्टक पुसून तिथे वर्डचं ठरावीक रुंदीचं कोष्टक येऊन बसायचं. एका वर्षी छापखान्याने दिलेल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर त्याने चिकटवला. साइटवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. अशा मजकुराला फाँट बदलून उपयोग नाही, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो.

आणि पोस्टर! व्हॉट्सॲपवर फिरवायला केलेलं पोस्टर साइटच्या माथ्यावर लावायची हौस दांडगी. भाव, फोन, पत्ता सगळं चित्रातच. ३६० पिक्सेलमध्ये त्यातला नंबर वाचता येत नाही, दाबून फोन लावता येत नाही, शोधात सापडत नाही आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला फोन वाचून दाखवतो तेव्हा नुसतं ‘इमेज’ एवढंच ऐकू येतं. यावर आमचं सौम्य भांडण झालं. शेवटी पोस्टर राहिलं, पण दर आणि फोन नंबरच्या खाली, आणि त्यातली माहिती वर साध्या अक्षरांत लिहिलेली.

पुतण्याला नियमांची यादी देऊन बघितली होती, ती कुणी वाचत नाही. यंदा एडिटरमध्ये दरांसाठी तीन रकाने करून दिले: पेटी, दर, टीप. आकडे भरा, मांडणी आपोआप होते. कोष्टक चिकटवायला जागाच नाही. बाकी मजकुरासाठी एकच सवय लावली, कंट्रोल-शिफ्ट-व्हीने चिकटवायचं, म्हणजे नुसता मजकूर येतो, बिऱ्हाड मागे राहतं.

मार्च पार पडला. एप्रिलमध्ये मात्र फोन आलाच: मेनू दोन ओळींत मोडलाय. बघितलं तर तात्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार सर्वांत मोठा केला होता, चष्मा बदलायला कणकवलीला जायला वेळ नाही म्हणून. मी मेनूला आधीच ‘फ्लेक्स-रॅप: रॅप’ देऊन ठेवलं होतं, त्यामुळे काही छाटलं नव्हतं, काही बाहेर गेलं नव्हतं, पाच शब्द सरळ दोन ओळींत बसले होते. “तात्या, वाचता येतंय ना?” “वाचूक येता रे, पण दोन ओळी कित्याक?” मी ते तसंच ठेवलं आहे.